प्रयोगाचें फलित इंग्रजी निबंधांत कसें लिहावें

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचा मुलगा, मुलगी किंवा पुतण्या आज शेतकी महाविद्यालयांत शिकत असेल; आणि मावळांतील कित्येकांनीं आपल्या खाचराचा एखादा तुकडा भाताच्या नव्या वाणासाठीं किंवा नव्या खतासाठीं प्रयोगाला दिलाही असेल. अशा प्रयोगांत जमीन आपली असते, चिखलणी आपण करतों, आवणीला आपल्या घरचीं माणसें वांकतात आणि मळणी आपल्याच खळ्यावर होते. पण प्रयोगाचा शेवट ज्या कागदावर होतो तो कागद बहुधा इंग्रजींत असतो. त्या कागदांतील जो भाग आपल्या सर्वांत उपयोगाचा, तोच नीट लिहिला गेला नाहीं, किंवा लिहिलेला आपल्याला समजला नाहीं, तर चार महिन्यांचे कष्ट फुकट जातात. एवढेंच नव्हे, तर चुकीच्या आंकड्यावर विसंबून दुसऱ्या गांवचा शेतकरी पुढच्या सालीं खर्च करतो आणि नुकसानींत येतो. हा भाग म्हणजे निबंधांतील ‘रिझल्ट्स’, अर्थात् फलित, होय. तो इंग्रजींत कसा लिहावा व आपण तो कसा वाचावा, याचा एक धडा या लेखांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फलित म्हणजे काय

शास्त्रीय निबंधाचे सामान्यतः चार भाग असतात. प्रश्न कोणता होता हें प्रस्तावनेंत येतें. काय केलें व कशानें मोजलें हें साहित्य व पद्धति या भागांत येतें. काय आढळलें तें फलितांत येतें; आणि जें आढळलें त्याचा अर्थ काय, कारण काय, उपयोग काय, हें शेवटच्या चर्चेंत येतें. या चारांपैकीं फलिताचा भाग बहुधा सर्वांत आंखूड असतो, आणि बिघडतोही तोच सर्वांत अधिक. कारण लिहिणाराचा जीव प्रयोगांत गुंतलेला असतो व त्याला कांहीं तरी चांगलें सांगावयाचें असतें.

खळ्यावर रास मोजतांना पहिल्या मापाला आपण ‘एक’ न म्हणतां ‘लाभ’ म्हणतों. ती शुभेच्छा योग्यच आहे. परंतु निबंधाच्या फलितांत पहिल्या मापाला ‘एक’च म्हटलें पाहिजे. फलित लिहिणारा हा मापारी आहे, धनी नव्हे. रास मोठी कां झाली, कोणाच्या पुण्याईनें झाली, पुढच्या सालीं किती होईल, हें मापाऱ्यानें बोलावयाचें नसतें. त्यानें माप बरोबर भरावें, मोठ्यानें मोजावें आणि एकही माप वगळूं नये.

हा विषय आपल्याकडे नवा नाहीं

पुण्याचें शेतकी महाविद्यालय विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आलें आहे. तेथील प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांनीं सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर या गांवाची जमीन, पिकें, विहिरी व कर्जें यांची घरोघर पाहणी करून ‘लँड अँड लेबर इन ए डेक्कन व्हिलेज’ हें पुस्तक १९१७ सालीं प्रसिद्ध केलें. तें गांव आज पिंपरी-चिंचवड शहरांत मिळून गेलें आहे. पण त्या काळची त्याची शेती कशी होती हें आजही त्या पानांवरून कळतें, कारण तेथें मोजलेलें मोजल्याप्रमाणें लिहिलें आहे. मात्र पुस्तक इंग्रजींत असल्यामुळें ज्यांच्या शेतांविषयीं तें लिहिलें गेलें त्या कुणब्यांपैकीं बहुतेकांच्या हातीं तें उपयोगी पडण्यासारखें नव्हतें. हें अंतर तोडण्याचें काम आतां आपल्या घरच्या शिकलेल्या पिढीचें आहे.

शेतांतील आंकड्यांवर कितपत विश्वास ठेवावा, याचेंही शास्त्र याच सुमारास तयार झालें. डब्लिन येथील गिनेस या मद्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनीं १९०८ सालीं ‘स्टूडंट’ या टोपणनांवानें एक निबंध लिहिला, आणि थोड्याच मापांवरून अनुमान काढतांना किती सांभाळावें हें दाखविलें. पुढें १९१९ सालीं रोनाल्ड फिशर हे इंग्लंडांतील रोथॅमस्टेड या शेतकी प्रयोगक्षेत्रावर रुजू झाले. प्रयोगाचे वाफे कसे पाडावे, एकच प्रयोग अनेक जागीं कां करावा, आणि कोणत्या वाफ्यास कोणती रीति द्यावी हें चिठ्ठी टाकूनच कां ठरवावें, याचे नियम त्यांनीं घालून दिले.

आपल्या देशांत ही विद्या शेतकी विद्यार्थ्यांच्या हातीं देण्याचें मोठें काम दोघा मराठी विद्वानांनीं केलें. व्ही. जी. पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे ते दोघे होत. सुखात्मे यांचा जन्म १९११ सालीं सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं झाला. या दोघांनीं लिहिलेलें शेतकी कार्यकर्त्यांसाठीं संख्याशास्त्राचें इंग्रजी पुस्तक भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें १९५४ सालीं छापलें, आणि शेतकी महाविद्यालयांत त्याचें नांव सर्वांस माहीत आहे. चिठ्ठीनें शेत निवडून, ठराविक मापाचा तुकडा कापून, त्यावरून साऱ्या मुलखाचें उत्पादन ठरविण्याची जी रीति, ती रुजविण्यांतही हे दोघे पुढें होते. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत भरपाई ठरवितांना अशाच पीक कापणी प्रयोगांचे आंकडे धरले जातात. तेव्हां मोजलेला आंकडा प्रामाणिकपणें लिहिला जाणें हा केवळ विद्वानांचा विषय नसून आपल्या घरच्या जमाखर्चाचा विषय आहे.

आंबीचें एक उदाहरण

आतां मूळ विषयाकडे वळूं. नुसते नियम सांगितल्यानें ते मनांत ठसत नाहींत, यासाठीं एक उदाहरण घेऊं. यांतील आंकडे केवळ समजुतीसाठीं आम्हीं कल्पिलेले आहेत. ते कोणा प्रयोगाचे नव्हेत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आंबी हें गांव तळेगांव दाभाड्याजवळ इंद्रायणीच्या कांठीं आहे. शेजारीं औद्योगिक वसाहत आली तरी मावळचें मुख्य पीक भातच. या नदीचें नांव धारण करणारा ‘इंद्रायणी’ हा वाण आंबेमोहर १५७ व आय. आर. ८ यांच्या संकरांतून निघाला व १९८७ सालीं प्रसारित झाला, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. समजा, आंबी येथील शेतकरी-घरच्या एका विद्यार्थिनीनें इंद्रायणी भातावर दोन रीतींची तुलना करण्याचें ठरविलें. एक आपली नेहमींची आवणी. दुसरी चारसूत्री लागवड. चारसूत्रींत भाताच्या तुसाची राख किंवा पेंढा जमिनीस परत देतात. गिरिपुष्पाचा पाला चिखलांत गाडतात. दोरीवर १५ व २५ सेंटिमीटरच्या आलटून-पालटून अंतरानें दोन-तीन रोपांची चूड लावतात. आणि दर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोंचतात.

तिनें सहा खाचरें निवडलीं. प्रत्येकांत एकेक गुंठ्याचे दोन तुकडे आंखले, आणि कोणत्या तुकड्यास कोणती रीति द्यावयाची हें नाणें उडवून ठरविलें. कापणीनंतर प्रत्येक तुकड्याचें भात झोडून, वाळवून, शेंकडा १४ ओलाव्यास धरून वजन केलें. गुंठ्यास किलोमध्यें वजनें येणेंप्रमाणें आलीं:

पहिलें खाचर: नेहमींची ३६, चारसूत्री ४३
दुसरें खाचर: नेहमींची ४१, चारसूत्री ४४
तिसरें खाचर: नेहमींची ३३, चारसूत्री ४२
चौथें खाचर: नेहमींची ३९, चारसूत्री ३७
पांचवें खाचर: नेहमींची ३७, चारसूत्री ४५
सहावें खाचर: नेहमींची ४२, चारसूत्री ४७

नेहमींच्या रीतीची सरासरी ३८, चारसूत्रीची ४३. म्हणजे गुंठ्यास ५ किलोचा, अर्थात् शेंकडा १३ चा, फरक पडला. सहांपैकीं पांच खाचरांत चारसूत्री वरचढ ठरली, आणि चौथ्या खाचरांत २ किलोनें मागें पडली. हें चौथें खाचर नदीलगतचें व सखल होतें. आवणीनंतर त्यांत चार दिवस पाणी सांचून राहिलें होतें, असें टिपणवहींत लिहिलेलें आहे असें समजूं.

चौथ्या खाचराचें काय करावें

येथें लिहिणाराच्या सचोटीची कसोटी लागते. कोणी तरी हितचिंतक भेटतो व म्हणतो, ‘चौथें खाचर पाण्याखालीं गेलें होतें, तें सोडून दे; निबंध शोभून दिसेल.’ सोडून दिलें तर पांच खाचरांचा फरक गुंठ्यास ६.४ किलो होतो, आणि शेंकडा १३ चे १७ होतात. दिसण्यांत हें थोडें वाटतें. पण एकराचे चाळीस गुंठे धरले तर एकरीं २०० किलोचे २५६ किलो झाले. त्या जादा ५६ किलोंच्या भरंवशावर कोणी गोळ्या उधार आणील. आणि आंबीसारख्या नदीकांठच्या गांवीं ज्याचीं खाचरें सखल आहेत त्याला तर चौथ्या खाचराचीच बातमी सर्वांत आधीं हवी होती. कारण त्याच्यासारख्या जमिनींत फायदा तर दूरच, एकरीं ८० किलोंची तूट दिसली होती. ती बातमी कागदावरून पुसली गेली, तर कागदानें त्याला फसविलें असें होईल.

यास्तव नियम असा कीं, पिकाचें वजन झाल्यानंतर, आंकडा आवडला नाहीं म्हणून कोणतेंही माप गाळूं नये. तुकडा गाळण्याचे कारण खरोखरच असेल, उदाहरणार्थ गुरें शिरून पीक खाल्लें गेलें, तर तें कारण, तो तुकडा आणि तो गाळल्यानें सरासरींत पडलेला फरक, हीं तिन्ही स्पष्ट लिहावीं. आमच्या उदाहरणांत सहाही खाचरें ठेवूनच फलित लिहावें व त्यांतच नमूद करावें कीं, चौथ्या खाचरांत चारसूत्रीचें भात २ किलो कमी आलें आणि त्या खाचरांत आवणीनंतर चार दिवस पाणी होतें. मात्र ‘पाण्यामुळें कमी आलें’ हें वाक्य फलितांत घालूं नये. पाणी होतें हें पाहिलेलें आहे; पाण्यामुळें घट झाली हें अनुमान आहे. पहिल्याची जागा फलितांत, दुसऱ्याची चर्चेंत.

सरासरी पुरेशी नाहीं

सरासरी ५ किलो एवढेंच लिहिणें म्हणजे विहिरीची सरासरी खोली सांगून पोरास पोहावयास सोडण्यासारखें आहे. सहा खाचरांचे फरक अनुक्रमें ७, ३, ९, उणे २, ८ व ५ असे आहेत. ते इतके वरखालीं असतांना खरा फायदा किती मानावा? यासाठीं गॉसेट यांच्या रीतीनें हिशेब केला असतां सरासरी फरकाची प्रमाण-चूक १.६५ किलो येते. ५ ला तिनें भागल्यास ३.०२ हा आंकडा मिळतो. सहा जोड्यांसाठीं कोष्टकांत शेंकडा ५ च्या पातळीची मर्यादा २.५७ दिलेली आहे. आपला आंकडा तिच्याहून मोठा आहे. याचा अर्थ असा कीं, दोन रीतींत वस्तुतः कांहींच भेद नसता, तर केवळ योगायोगानें एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याचा संभव शंभरांत पांचांहून कमी आहे.

याच हिशेबानें फायद्याची मर्यादाही काढतां येते. ती गुंठ्यास सुमारें ०.७५ पासून ९.२५ किलोपर्यंत, म्हणजे एकरीं सुमारें ३० पासून ३७० किलोपर्यंत येते. हा आंकडा फलितांत लिहिणें लिहिणाराला रुचत नाहीं, कारण त्यानें शोभा कमी होते. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीनें साऱ्या निबंधांत याहून मोलाचें वाक्य नाहीं. गोळ्यांचा व मजुरीचा जादा खर्च ३० किलो भातांत निघतो काय, हा प्रश्न तो स्वतःस विचारूं शकतो. नुसती सरासरी वाचणाराला हा प्रश्न सुचतच नाहीं.

इंग्रजी भाषेचे खांचखळगे

आतां भाषेविषयीं. आमचें पहिलें सांगणें असें कीं, फलित आधीं मराठींत लिहावें, तेंही खळ्यावरून आल्याच दिवशीं. मग त्याचें इंग्रजी करावें. इंग्रजी कच्चें असतांना थेट इंग्रजींत लिहूं गेल्यास विद्यार्थी दुसऱ्याच्या निबंधांतील वाक्यें उसनीं आणतो, आणि उसन्या वाक्याबरोबर उसना अर्थही येतो. शिवाय दुसऱ्याचीं वाक्यें आपलीं म्हणून छापणें ही चोरी आहे, व ती आज सहज पकडली जाते.

दुसरें, काळ. जें मोजून झालें तें भूतकाळांत लिहावें: ‘वॉज’, ‘वेअर’. ‘चारसूत्रीचें उत्पादन ४३ किलो आहे’ असें वर्तमानांत लिहिलें तर तें सर्वत्र व सदैव तितकेंच असतें असा अर्थ होतो. या सालीं, या सहा खाचरांत, तितकें होतें, एवढेंच आपल्याला ठाऊक आहे. फक्त कोष्टक किंवा आकृति काय दाखविते हें सांगतांना वर्तमानकाळ योग्य होय. कारण कोष्टक वाचकापुढें आतांही आहे.

तिसरें, मराठींतील ‘उत्पन्न’ हा शब्द. आपण एकरीं पीक, शेताचें एकूण पीक आणि हातीं आलेला पैसा, या तिन्हींना सर्रास उत्पन्न म्हणतों. इंग्रजींत एकरीं किंवा हेक्टरीं पिकास ‘यील्ड’, एकूण पिकास ‘प्रॉडक्शन’ आणि पैशास ‘इन्कम’ म्हणतात. एकाच्या जागीं दुसरा शब्द पडला तर साऱ्या फलिताचा अर्थ फिरतो.

चौथें, ‘भात’ आणि ‘तांदूळ’. तुसासकट असलेल्या दाण्याला ‘पॅडी’ म्हणतात. सडलेल्या तांदळाला ‘मिल्ड राइस’. नुसतें ‘राइस’ लिहिलें तर परदेशीं वाचकास कळत नाहीं कीं वजन कशाचें केलें. भात सडून तांदूळ साधारण दोन-तृतीयांश उरतो; तेव्हां येथें घोटाळा झाला तर तिसऱ्या हिश्श्याची चूक होते. वाळवण किती होती, हेंही त्याच कारणानें सांगावें.

पांचवें, मापें. गुंठा हा शब्द मावळाबाहेरही महाराष्ट्रांत चालतो, पण मनिलाच्या वाचकास तो कळणार नाहीं. गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. हेक्टराचा हिशेब केल्यास आपले ३८ व ४३ किलो हे हेक्टरीं सुमारें ३७.६ व ४२.५ क्विंटल होतात. इंग्रजी निबंधांत हेच आंकडे ३.७६ व ४.२५ टन म्हणून द्यावे. दशांश-स्थळें तराजूच्या ऐपतीपुरतींच ठेवावीं. किलोपर्यंतच वजन दाखविणाऱ्या तराजूवर मोजून ४३.०१६७ किलो लिहिणें म्हणजे गैरमेळाचें सोंग आहे. मोठ्या संख्यांत स्वल्पविराम कोठें द्यावा हेंही पाहावें. आपण लाख १,००,००० असा लिहितों, बाहेरचे लोक १००,००० असा लिहितात.

सहावें, ‘वाढलें’ हा शब्द. आपले दोन तुकडे एकाच हंगामांतले, शेजारशेजारचे आहेत. एकाचें पीक दुसऱ्याहून जास्त आलें. वाढलें असें कांहीं नाहीं. म्हणून ‘इन्क्रीज्ड’ पेक्षां ‘हायर’ हा शब्द बरा. गेल्या सालापेक्षां या सालीं जास्त आलें असेल, तेव्हां ‘इन्क्रीज्ड’ लिहावें.

सातवें, शेंकडेवारी. पोचट दाणे शेंकडा १८ वरून १२ वर आले, तर घट ६ टक्क्यांची म्हणावी कीं ३३ टक्क्यांची? दोन्ही बोललें जातें, आणि त्यांतच फसगत होते. १८ व १२ यांतील अंतर ६ ‘परसेंटेज पॉइंट’ आहे. मूळच्या १८ शीं तुलना केल्यास घट तिसऱ्या हिश्श्याची आहे. सर्वांत सुरक्षित रीति म्हणजे दोन्ही मूळ आंकडे लिहून टाकावे.

आठवें, ‘सिग्निफिकंट’. बोलण्यांत या शब्दाचा अर्थ महत्त्वाचा असा होतो. पण फलितांत त्याचा अर्थ एवढाच कीं, वर सांगितलेल्या हिशेबाच्या कसोटीस फरक उतरला. कसोटी लावली नसेल तर हा शब्द वापरूं नये. आणि कसोटीस उतरलेला फरकही शेतकऱ्याच्या दृष्टीनें क्षुल्लक असूं शकतो. तसेंच ‘प्रूव्ह’, म्हणजे सिद्ध केलें, हा शब्द सहा खाचरांच्या जोरावर वापरूं नये. उलट बाजूनें, फरक कसोटीस उतरला नाहीं म्हणजे दोन रीति सारख्याच आहेत असेंही होत नाहीं. या प्रयोगांत फरक दिसून आला नाहीं, इतकेंच म्हणावें.

मांडणीचा क्रम

फलिताचें पहिलें वाक्य प्रस्तावनेंतील मुख्य प्रश्नाचें उत्तर देणारें असावें. मग त्याच्या आधाराचे आंकडे, मग अपवाद, आणि मग गौण मापें, जसें फुटवे, लोंबीची लांबी, पेंढ्याचें वजन, अशा क्रमानें जावें. कोष्टकांत असलेला प्रत्येक आंकडा पुन्हां वाक्यांत लिहूं नये. कोष्टकांत जें पाहावयाचें त्याकडे वाचकाचें बोट धरून न्यावें, एवढेंच वाक्याचें काम. दोन रीतींचे आंकडे एका वाक्यांत आल्यास ‘रिस्पेक्टिव्हली’ म्हणून शेवटीं जोडतात. त्या वेळीं नांवांचा क्रम व आंकड्यांचा क्रम एकच आहे ना, हें दोनदां तपासावें. ‘उत्कृष्ट’, ‘आश्चर्यकारक’, ‘समाधानकारक’ असलीं विशेषणें सर्व काढून टाकावीं. तीं काढल्यावर परिच्छेदांत कांहीं उरलें नाहीं, तर मुळांत तेथें फलित नव्हतेंच असें समजावें.

आमच्या उदाहरणाचें फलित मराठींत लिहिलें तर तें असें होईल: ‘चारसूत्री लागवडीचें भात नेहमींच्या आवणीपेक्षां जास्त आलें. सहा खाचरांची सरासरी अनुक्रमें हेक्टरीं ४.२५ व ३.७६ टन होती. सरासरी फरक ०.४९ टन होता. शेंकडा ९५ विश्वासमर्यादा ०.०७ ते ०.९१ टन. पांच खाचरांत चारसूत्रीचें भात जास्त आलें. चौथ्या खाचरांत तें ०.२० टन कमी आलें. या खाचरांत आवणीनंतर चार दिवस पाणी सांचलें होतें.’ एवढेंच. याचें इंग्रजी करण्यास मोठी विद्वत्ता लागत नाहीं. लहान वाक्यें, भूतकाळ आणि नेमके शब्द एवढीच सामग्री पुरते. भाषांतर झाल्यावर तें इंग्रजी न जाणणाऱ्या वडिलांस पुन्हां मराठींत सांगून पाहावें. खळ्यावर जें घडलें तेंच त्यांस ऐकूं आलें, तर लेखन ठीक उतरलें असें जाणावें.

वाचतांना काय विचारावें

ज्यांच्या घरीं लिहिणारें कोणी नाहीं त्यांनींही हा धडा वायां गेला असें समजूं नये. एखादा विक्रेता इंग्रजी कागद दाखवून ‘शेंकडा १७ फायदा’ असें सांगूं लागला, कीं त्याला पांच प्रश्न विचारावे. किती खाचरांत पाहिलें? कोणती रीति कोणत्या तुकड्यास, हें कसें ठरविलें? वजन भाताचें कीं तांदळाचें? सर्वांत वाईट खाचरांत काय आलें? आणि फायद्याची खालची मर्यादा किती? यांपैकीं उत्तरें कागदांत नसतील तर तो कागद फलिताचा नसून जाहिरातीचा आहे, असें मानण्यास हरकत नाहीं. प्रयोगासाठीं आपलें खाचर देतांनाही आधींच सांगून ठेवावें कीं, आमच्या तुकड्याचा आंकडा, तो चांगला येवो वा वाईट, जसा येईल तसा छापला जावा व त्याची एक प्रत मराठी सारांशासह आम्हांस मिळावी. जमीन देणाराचा हा हक्कच आहे.

येत्या हंगामांत आमच्या वाचकांनीं आपल्या मुलांस सोबत घेऊन दोन गुंठ्यांपुरता तरी असा एक प्रयोग करावा, वजनें खळ्यावरच वहींत टिपावीं, आणि रात्रीं दिव्यापुढें बसून त्याचें सहा ओळींचें फलित लिहून पाहावें. जें चौथें खाचर लपवावेसें वाटेल, त्याची ओळ आधीं लिहावी.